शिबिरातली पीएसए तपासणी : आधी विचारा, मग हात पुढे करा



एप्रिल जवळ आला की गावशाखांचे फोन सुरू होतात. "ताई, जयंतीला आरोग्य शिबिर ठेवलंय, तुम्ही या." मी जाते. नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढली, पुढे नोकरी सोडून आरोग्य हक्काच्या कामात आले. पण रक्तदाब मोजायचे यंत्र अजून पिशवीत असते. अलीकडे या शिबिरांत एक नवी गोष्ट दिसते. खासगी लॅबची माणसे येतात, पन्नाशीपुढच्या पुरुषांना रांगेत बसवतात, रक्त घेतात आणि काही दिवसांनी मोबाईलवर रिपोर्ट पाठवतात. साखर, कोलेस्टेरॉल यांच्याखाली एक ओळ असते : पीएसए. तो आकडा ठळक अक्षरांत आला की अख्ख्या घराची झोप उडते.

त्या एका ओळीबद्दल हा लेख आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. पीएसए ही कामाची तपासणी आहे. पण समजावून न सांगता आणि पुढची वाट न ठरवता ती शिबिरात सरसकट करू नये. ज्यांना त्रास होतो आहे अशा पुरुषांना मात्र ती सरकारी दवाखान्यात, वेळेवर आणि मोफत मिळाली पाहिजे. आज नेमके उलटे चालले आहे.

दोन घरे

माझ्या नात्यातले एक मामा. मुंबईत गिरणीत होते, संपानंतर गावी परतले. लघवीला जळजळ होती, अंगात कणकण होती, तशातच त्यांनी शिबिरात रक्त दिले. पीएसए आला 14. कोणीतरी सांगितले, "चारच्या वर म्हणजे कॅन्सरच." मामीने गळ्यातले गहाण ठेवले. मुलाच्या खोलीवर राहून मुंबईत दोन महिने खेपा घातल्या. तिथल्या डॉक्टरांनी आधी लघवी तपासली. जंतुसंसर्ग निघाला. औषधांचा कोर्स झाला, काही आठवडे थांबून पुन्हा रक्त तपासले, तेव्हा आकडा तीनच्या आत. कॅन्सर नव्हता. गळ्यातले सोडवायला मात्र दीड वर्ष लागले.

दुसरे घर शेजारच्या गावातले. चिरेखाणीवर आयुष्य गेलेले एक काका. वर्षभर कंबर दुखत होती. कष्टाची कंबर, दुखणारच, असे सगळे म्हणाले. इंजेक्शने झाली, मालिश झाली, पट्टा झाला. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठायचे, धार अडायची. पण ते कुणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. एके दिवशी पाय बधिर पडले. मग तपासण्या झाल्या. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात पसरला होता. पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. काकी मला म्हणाल्या, "ताई, लघवीचं कुणी नुसतं विचारलं असतं तरी पुरं होतं."

एका घरात आकडा नको तेव्हा आला, दुसऱ्या घरात हवा तेव्हा आलाच नाही. या दोन्ही घरांची चूक नव्हती.

पीएसए म्हणजे काय

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांच्या शरीरातली ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली असते, आकाराने अक्रोडाएवढी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. म्हणून वय वाढून ग्रंथी सुजली, वाढली की लघवी अडते. ही वाढ बहुतेकांमध्ये साधी असते, कॅन्सरची नसते.

ही ग्रंथी एक प्रथिन तयार करते, तेच पीएसए. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. थोडेसे रक्तात उतरते आणि तेवढेच आपण मोजतो. शरीरात काय चालले आहे याची खूण देणाऱ्या अशा पदार्थांना बायोमार्कर म्हणतात. पण ही खूण ग्रंथीची आहे, कॅन्सरची नाही. ग्रंथी वाढली, तिला संसर्ग झाला, लघवीची नळी घातली, आदल्या दिवशी वीर्यस्खलन झाले, तरीही आकडा वर जातो. उलट, ग्रंथी लहान करायच्या फिनास्टेराईडसारख्या गोळ्या सुरू असतील तर आकडा जवळपास निम्मा दिसतो आणि खोटा दिलासा मिळतो. शिबिराच्या टेबलावर यातले एक तरी कोणी विचारते का?

चार हा आकडा म्हणजे काही लक्ष्मणरेषा नाही. चार ते दहाच्या दरम्यान पीएसए असलेल्या पुरुषांची बायोप्सी केली तर साधारण चारातल्या एकालाच कॅन्सर सापडतो. दुसरीकडे, अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पीएसए चार किंवा कमी असलेल्यांतही सुमारे 15 टक्के पुरुषांच्या बायोप्सीत कॅन्सर आढळला. म्हणजे आकडा जास्त आला म्हणून रोग ठरत नाही आणि कमी आला म्हणून सुटका होत नाही.

शोध लावणाराच विरोधात का गेला

रिचर्ड अ‍ॅब्लिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1970 साली प्रोस्टेटमधल्या अशा प्रथिनाचा शोध मांडला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पीएसए तपासणीला 1986 साली मान्यता दिली ती कॅन्सर झालेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी. कॅन्सर शोधायला मदत म्हणून मान्यता 1994 साली आली. त्यानंतर तिथे लाखो धडधाकट पुरुषांची तपासणी झाली. 2010 साली खुद्द अ‍ॅब्लिन यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून ही सरसकट तपासणी म्हणजे सार्वजनिक आरोग्याची महागडी आपत्ती आहे, असे म्हटले.

कारण असे. प्रोस्टेटचे अनेक कॅन्सर इतके सावकाश वाढतात की माणूस दुसऱ्याच कारणाने जातो आणि त्याला कधी कळतही नाही. तपासणीच केली नसती तर ज्याचा त्रास झालाच नसता, असा कॅन्सरही सापडतो. मग भीती, ऑपरेशन, रेडिएशन. त्यातून काहींची लघवी थांबेनाशी होते, काहींचे लैंगिक आयुष्य संपते. आपल्याकडे पुरुष हे कुणाशी बोलत नाहीत आणि बायकांना तर कोणी विचारतच नाही.

तपासणीचा फायदा नाहीच असेही नाही. युरोपातल्या अनेक देशांत पुरुषांना ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा तपासणीला बोलावून मोठा अभ्यास झाला. 23 वर्षांनंतरचे निष्कर्ष 2025 साली आले : 456 पुरुषांना बोलावले तेव्हा प्रोस्टेट कॅन्सरचा एक मृत्यू टळला, आणि त्या एका मृत्यूमागे 12 जादा पुरुषांना कॅन्सरचे निदान झाले. एक जीव वाचला ही मोठीच गोष्ट. पण त्या बाराजणांचे काय झाले, हेही विचारायला हवे.

आता आपल्या शिबिराला जवळचा अभ्यास बघा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 50 ते 69 वयाच्या चार लाखांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला एकदाच पीएसए करायला बोलावले. 15 वर्षांनंतर, 2024 साली निकाल जाहीर झाला. न बोलावलेल्यांत दर दहा हजारांमागे प्रोस्टेट कॅन्सरचे 78 मृत्यू, बोलावलेल्यांत 69. फरक आहे, पण फार लहान. जयंतीच्या शिबिरातली तपासणीही अशीच एकदाची असते. फरक इतकाच की तिथे पुढची तपासणी, बायोप्सी, उपचार सगळे सरकारी यंत्रणेत उभे होते. आपल्याकडे रिपोर्टनंतर मोबाईलवर लॅबचा नंबर असतो.

नव्या प्रथिन तपासण्या आणि आपले रक्त

पीएसएची ही अडचण ओळखून शास्त्रज्ञांनी पुढचा विचार केला आहे. रक्तातले काही पीएसए दुसऱ्या प्रथिनांना चिकटलेले असते, काही मोकळे. कॅन्सरमध्ये मोकळ्याचे प्रमाण सहसा कमी असते. त्यावरून 'फ्री पीएसए' तपासणी आली. पुढे तीन प्रकारचे पीएसए मोजून जोखमीचा एक निर्देशांक काढणारी पीएचआय तपासणी आली. अमेरिकेत तिला 2012 साली मान्यता मिळाली. चार प्रथिने मोजणारी फोरके तपासणी आहे. स्वीडनमध्ये तयार झालेली स्टॉकहोम थ्री तपासणी काही प्रथिने, जनुकांतल्या खुणा, वय आणि घरातला इतिहास एकत्र करून गणित मांडते. बायोप्सी कुणाला खरेच लागेल आणि कुणाला टाळता येईल, हे ठरवायला या सगळ्यांची मदत होते. बायोप्सीआधी एमआरआय केला तरी अनेकांची सुई वाचते.

याचे मी स्वागत करते. विज्ञानाला पाठ दाखवणारे आपण नाही. पण दोन प्रश्न विचारतेच.

पहिला : हे गणित कुणाच्या रक्तावर मांडले? प्रोस्टेट कॅन्सरवरचे बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या गोऱ्या पुरुषांवर झाले आहे, हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानेच 2024 साली नोंदवले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय पुरुषांना हा रोग जास्त होतो आणि त्यात ते जास्त मरतात, तरी अभ्यासांत त्यांची संख्या थोडी. तिथे ओरड झाली, म्हणून 2024 साली स्टॉकहोम थ्रीची पारख मुद्दाम वेगवेगळ्या वंशांच्या पुरुषांवर झाली. विचारले तर उत्तर शोधता येते, एवढे त्यातून दिसते. आपल्याकडे तर मुळात नोंदच कमी. मुंबईची कर्करोग नोंदणी 1963 साली सुरू झाली, बार्शीची ग्रामीण नोंदणी 1987 साली, आणि टाटा मेमोरियल सेंटरने आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातही नोंदणी हाती घेतली आहे. शहरात प्रोस्टेट कॅन्सर जास्त आणि खेड्यात कमी नोंदला जातो. यात राहणीचा भाग असेल; पण जिथे तपासणारा नाही तिथे रोगाची नोंद तरी कोण करणार? खाणीवरच्या काकांच्या दुखण्याला वर्षभर कंबरदुखीच म्हटले गेले.

दुसरा प्रश्न : ही महागडी तपासणी 'तुमचा धोका जास्त' म्हणाली, तर पुढे कुठे जायचे? परळच्या टाटा रुग्णालयाला. रत्नागिरीहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. सोबतीला एक माणूस, त्याची मजुरी बुडाली. महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार होतात, ते मिळालेच पाहिजेत. पण योजना उपयोगी पडते ती रोग ठरल्यावर. रोग आहे की नाही हे ठरेपर्यंतच्या खेपा, एमआरआय आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासणे, हे बहुतेक घरच्याच खिशातून जाते.

"श्रीमंतांना मिळते, मग आम्हाला का नको?"

हा प्रश्न एका गावशाखेच्या बैठकीत तरुण कार्यकर्त्याने मला विचारला. प्रश्न खरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या दवाखान्याच्या पायरीवर ताटकळलेल्या समाजाला कोणी 'ही तपासणी तुम्ही करू नका' म्हणाले तर राग येणारच. यावा.

माझे उत्तर असे. मुंबईतल्या पैसेवाल्या माणसाला नुसता आकडा मिळत नाही. त्याला आधी डॉक्टर समजावून सांगतो. आकडा वाढला तर लघवी तपासतात, थांबून पुन्हा रक्त बघतात, एमआरआय होतो. सौम्य कॅन्सर निघाला तर 'आत्ता काही करू नका, नजर ठेवू' असेही सांगतात. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या 1,643 पुरुषांचे तीन गट केले : नजर ठेवणे, ऑपरेशन, रेडिएशन. 15 वर्षांनंतरही तिन्ही गटांत शंभरातले सुमारे 97 जण प्रोस्टेट कॅन्सरने दगावले नव्हते. पण नजर ठेवायची तर दर काही महिन्यांनी तपासायला डॉक्टर हवा आणि तो गाठण्याजोग्या अंतरावर हवा. आपल्याला शिबिरात जे मिळते तो या सगळ्याचा पहिला तुकडा आहे, तोही फुकट म्हणून हातावर ठेवलेला. त्यातून लॅबला पुढचे गिऱ्हाईक मिळते. समता म्हणजे पूर्ण वाट मिळणे. अर्ध्या वाटेवर आणून सोडणे ही समता नव्हे.

'हे करायचे की नाही' हे समजून ठरवण्याचा हक्क तर आपला आहेच. 'नको' म्हणण्याचाही.

मग करायचे काय

घरात : रात्री दोन-तीनदा उठावे लागणे, धार बारीक होणे, थांबून थांबून लघवी होणे, लघवीत किंवा वीर्यात रक्त दिसणे, विश्रांती घेऊनही न थांबणारी कंबरदुखी, विनाकारण वजन उतरणे. यातले काही असेल तर डॉक्टरकडे जा. बहुतेकदा कॅन्सर निघणार नाही आणि साध्या औषधाने आराम पडेल. पाय बधिर होणे, चालता न येणे, लघवी पूर्ण बंद होणे यात मात्र एक रात्रही घालवू नका. 'म्हातारपण म्हटलं की असं होणारच' हे वाक्य घरातून काढून टाका. पुरुष लाजतात, शिबिराची रांग संपल्यावर हळूच येऊन म्हणतात, "सिस्टर, रात्री झोप नाय होत." घरातल्या बायकांनी आणि मुलांनी विचारावे.

त्रास नसेल तर : 50 ते 69 वयाच्या पुरुषाने फायदा-तोटा समजून घेऊन पीएसए करायला हरकत नाही. वडील किंवा भावाला हा कॅन्सर झाला असेल तर धोका साधारण दुप्पट. त्यांनी 45च्या सुमारास डॉक्टरांशी बोलावे. आई-बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, कारण बीआरसीए टू या जनुकातला दोष दोन्हीकडे धोका वाढवतो. सत्तरीनंतर धडधाकट माणसाची सरसकट तपासणी शक्यतो नको. लघवीचा संसर्ग झालेला असताना तर रक्त देऊच नका.

गावशाखेत : लॅबवाल्यांना शिबिराला बोलावण्याआधी चार प्रश्न विचारा. रक्त घेण्यापूर्वी प्रत्येकाला समजावून कोण सांगणार? आकडा वाढला तर दुसरी तपासणी कोण करणार, किती पैशांत? कोणत्या डॉक्टरकडे पाठवणार? रिपोर्ट तोंडी समजावणार की नुसता मोबाईलवर टाकणार? उत्तरे नसतील तर पीएसएची ओळ काढायला सांगा. त्याऐवजी रक्तदाब, साखर आणि तोंडाची तपासणी ठेवा. आपल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो, तो बघायला एक बॅटरी आणि शिकलेले डोळे पुरतात, आणि तंबाखू-मिश्री आपल्या घरांत किती आहे हे मी वेगळे सांगायला नको.

सरकारकडे : सरकारचा कर्करोग तपासणी कार्यक्रम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरपुरता आहे. प्रोस्टेटची सरसकट तपासणी त्यात घाला, अशी माझी मागणी नाही. माझी मागणी साधी आहे. तीस वर्षांवरच्या माणसांची माहिती भरताना आशाताई आणि आरोग्यसेविका आधीच घरोघरी जातात; पन्नाशीपुढच्या पुरुषांना लघवीबद्दल दोन प्रश्न त्यांनी विचारावेत. त्रास असलेल्यांची पीएसए तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत व्हावी. रत्नागिरीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; तिथे मूत्रविकार तज्ज्ञांची ओपीडी ठरलेल्या वारी भरावी आणि तो वार तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात फळ्यावर लिहावा.

हा प्रश्न लहान होणार नाही. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला प्रोस्टेट कॅन्सरचे सुमारे 38 हजार नवे रुग्ण आणि सुमारे 18 हजार मृत्यू. जगातले नवे रुग्ण 2020 साली वर्षाला 14 लाख होते, ते 2040 पर्यंत 29 लाख होतील, असा लॅन्सेट आयोगाचा अंदाज आहे. माणसे जास्त जगू लागली हे त्याचे मुख्य कारण. आपल्या गावांत तर मुंबईहून निवृत्त होऊन आलेले म्हातारेच जास्त.

यंदा शाखेची बैठक भरेल तेव्हा भोजनदान आणि मिरवणुकीच्या विषयांसोबत हे चार प्रश्नही विषयपत्रिकेवर घ्या. लॅबच्या माणसाला बैठकीत बोलावून सगळ्यांसमोर विचारा. मला बोलावलेत तर मीही येईन. येताना खाणीवरच्या काकींनाही घेऊन येईन. त्यांनी स्वतःहून येते म्हटले आहे.